एकटीनं ऐकलेली भाकणूक

मित्रांनो, मी घोंगडी. कन्हेरीच्या गेणबाची. जुनी आहे, टोचते, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. ऐकता ऐकता मध्येच उठून जाल, असा मला आधीपासून संशय आहे. तरी सांगते.

गेणबाने मेंढरांची लोकर कातरली आणि त्याच्या बायकोने, शकुबाईने, ती चातीवर कातली. विणकराने मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची अशी खळ दिली की मी भिंतीला टेकून ताठ उभी राहायचे. त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण माझा काठ चोळून बघायचा आणि विचारायचा, "लोकर अस्सल हाय नव्हं?" तेव्हापासूनच माझा स्वभाव बिघडला. माणसं माझ्याकडे संशयाने बघणार, मग मी त्यांच्याकडे का बघू नये?

पुढची बरीच वर्षं गेणबाच्या खांद्यावर गेली. दिवाळी झाली की कळप कोकणाकडे निघायचा. पावसात मी त्याची खोळ, उन्हात सावली, मुक्कामाला अंथरूण. तो चारचौघांत सांगायचा, "एक डाव बायकूवाचून भागंल, हिच्यावाचून न्हाय." ते ऐकलं की शकुबाई मला झटकताना दोन काठ्या जास्त हाणायची.

मग कालव्याच्या फाट्याचं पाणी आलं, ऊस आला, कळप विकला गेला. घरापुरत्या चार मेंढ्या राहिल्या. घरात गुलाबी फुलांचं मऊ ब्लँकेट आलं आणि मला मिरच्या वाळवायला अंथरू लागले. त्या ब्लँकेटचा रंग मला पहिल्या दिवसापासून खोटा वाटत होता. पहिल्याच धुण्यात तो गेला! पण मला कोण विचारतंय?

माझी आठवण ठेवली ती फक्त म्हाळसानं. ही गेणबाची नात, तेव्हा नववीतली. रविवारी ती मेंढ्या माळावर न्यायची, तेव्हा मला डोक्यावर घ्यायची आणि हातात आजोबांचा रेडिओ.

गेलं साल, अठ्ठ्याण्णव. संक्रांतीचे दिवस होते. रेडिओवर एक गृहस्थ बोलत होते. धूर वाढतो आहे, पृथ्वी तापते आहे, बर्फ वितळतो आहे. हे असंच चालू राहिलं तर माणूसजात टिकेल याची खात्री देता येत नाही, असं ते अगदी शांतपणे म्हणाले आणि लगेच भावगीत लागलं. मला वाटलं, हा पंखे विकणाऱ्यांचा डाव असणार. जग तापलं तर घोंगडी कोण घेणार! पण म्हाळसानं रेडिओ बंद केला आणि मला तोंडावरून ओढून घेतलं. आत ती थरथर कापत होती. तेव्हा मात्र माझं सगळं शहाणपण गळालं.

त्या दिवसापासून पोर बदलली. ताट सरकवून द्यायची. पुस्तक उघडायची आणि नुसतीच बसून राहायची. काय झालं ते कुणाला सांगेना.

शकुबाईला वेगळाच वास आला. "कुठंतरी पाणी मुरतंय," ती गेणबाला म्हणाली. "पोरगी कुणाच्या तरी नादाला लागली हाय. बभ्रा व्हायच्या आत उजवून टाकू."

पळसदेवचं एक स्थळ येऊन बसलंच होतं. तिने म्हाळसाला सरळ विचारलं, "पावण्यांना बोलवू का गं?"

मला वाटलं, आता ही भांडणार. पण ती म्हणाली, "बोलवा. समदं संपणारच हाय, तर लगीन काय आन् शाळा काय."

शकुबाईनं 'बोलवा' तेवढंच ऐकलं. अहो, पंधरा वर्षांची पोर! आपला जन्म कुणाच्याही पदरात टाकायला निघाली होती, कारण आता त्याला काही अर्थ उरला नाही असं तिला वाटत होतं. आणि हे ठाऊक असलेली मी एकटी. माझा जीव नुसता तुटत होता.

चैत्रात आमच्या धनगरवाड्याची जत्रा असते. जत्रेत भाकणूक होते. रामतात्याच्या अंगात येतं आणि तो येत्या वर्षाचं पाऊसपाणी, रोगराई सांगतो. मला त्यातलं निम्मं पटत नाही. पण रीत अशी, की सगळी वाडी गोळा होऊन बसल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. सांगून झालं की ज्याला विचारायचं त्याने विचारायचं, आणि मग सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचं.

त्या वर्षी गेणबानं मला बसायला अंथरलं होतं. "पाऊस मागं हाय, मेंढरं जपा," असं सांगून रामतात्या थांबला. "कुणाला काय इचारायचं?"

म्हाळसा उठली. "तात्या, मानूस संपणार हाय का?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. शकुबाईनं तिचा परकर धरून ओढला. म्हाळसा बसली नाही. अडखळत, रडत तिने रेडिओवरचं सगळं सांगितलं.

रामतात्यानं कपाळाचा घाम पुसला. "पोरी, एवढं लांबचं मला दिसत न्हाय."

गेणबानं विचारलं, "कवा ऐकलंस हे?"

"संक्रांतीला."

"संगं कोण हुतं?"

"कोण न्हाय. एकलीच हुते."

म्हातारा तिच्याकडे वळला. "तवापासनं एकलीच घिऊन फिरतीस? अगं, पाऊस मागं हाय एवढं सांगायला आमी वाडी गोळा करतो. आन् एवढी मोठी भाकणूक तू एकलीनं ऐकलीस?"

"खोटी हाय का ओ, आबा?"

मला वाटलं, आता म्हातारा थाप मारणार. मोठी माणसं मारतात. "काय व्हत न्हाय" म्हणतात आणि चंची सोडून पान लावतात. गेणबानं चंचीला हात लावला नाही.

"मला ठावं न्हाय," तो म्हणाला. "पाऊस पयल्यासारखा ऱ्हायला न्हाय, हे मलाबी दिसतंय. मलाबी भ्या वाटतंय, पोरी."

म्हाळसा मटकन त्याच्याशेजारी बसली.

"आन् मी मेली काय समजून बसले!" शकुबाईनं पदर डोळ्याला लावला. "आता पळसदेवला काय सांगायचं?"

म्हाळसानं नाक पुसलं. "न्हाय म्हणून सांगा. मला धाव्वी करायची हाय."

त्या दिवशीच्या पंगतीत दुसरा विषयच नव्हता. कुणी म्हणालं, सगळं थोतांड. कुणी म्हणालं, बांधावरच्या बाभळी तोडल्या ते वाईट केलं. एक जण तर रेडिओवाल्याला जाब विचारायला पुण्याला निघाला होता. निकाल काही लागला नाही, पण म्हाळसा पोटभर जेवली.

मित्रांनो, एवढंच मागते. घाबरलेलं माणूस दिसलं तर त्याच्यावर संशय घेऊ नका, त्या कामाला मी समर्थ आहे. 'काही होत नाही' म्हणून त्याला वाटेलाही लावू नका. शेजारी बसा आणि त्याचं शेवटपर्यंत ऐका.

म्हाळसा आता दहावीत आहे. भीती गेली, असं मी म्हणणार नाही, मला खोटं बोलायची सवय नाही. शाळेतून आली की कधी कधी ती ओट्यावर बसलेल्या गेणबाजवळ थबकते आणि विचारते, "आबा, व्हईल का ओ ते खरं?"

"व्हईलबी," गेणबा म्हणतो. "जेवलीस का?"