कुमाने दिलेली गाडी

माझ्या लेकीची, नेवेनाची गाडी अंगणातून हलवायला म्हणून मी चावी फिरवली आणि आमच्या घरच्या संताच्या सणाचं तिथेच वाटोळं झालं. पाहुणे यायला लागले होते, फाटकात जागा नव्हती, एवढंच निमित्त. इंजिन चालू करण्याआधी मी सवयीने समोरचे दिवे पाहिले. पस्तीस वर्षं आरिल्येत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय, दिवे बघितल्याशिवाय मला गाडी हलवताच येत नाही.

एअरबॅगचा दिवा पेटला. तो पेटायलाच हवा. पण चार-पाच सेकंदांत तो आपणहून विझायलाही हवा, मग तुम्ही गाडी चालू करा नाहीतर करू नका. मी तीस आकडे मोजले. हा पठ्ठ्या तसाच. मग इंजिन चालू केलं, आणि तेलाचा दिवा विझला त्याच क्षणी हाही विझला. पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. दोघेही दर वेळी एकदमच विझत होते.

याचा अर्थ आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतो. गाडीला कधीतरी अपघात झालेला असतो, एअरबॅग फुटलेली असते, आणि नवी बसवायचं विकणाऱ्याच्या जिवावर आलेलं असतं. मग तो बॅगेच्या जागी चिंध्या कोंबतो आणि तिच्या दिव्याची तार तेलाच्या दिव्याला जोडून देतो. गिऱ्हाईक खूश, दिवा विझला म्हणजे सगळं ठीक. तपासणीचं यंत्र लावलं तर त्यालाही गंडवायची युक्ती आहे. खरं काय ते स्टिअरिंग उघडल्याशिवाय कळत नाही.

आणि त्या स्टिअरिंगमागे माझी नेवेना बसते, सात महिन्यांची पोटुशी. रोज सकाळी उझित्सेच्या दवाखान्यात नोकरीला जाते. पोट आणि स्टिअरिंग यांच्यात आता चार बोटांचं अंतर उरलंय. आजही ती चार वाजता, रस्त्यावर बर्फ गोठायच्या आत, परत तिच्या घरी निघणार होती.

गाडी दिली होती रादोयेने. रादोये आमचा कूम, म्हणजे पिढीजात धर्मपिता. त्याच्या बापाने माझ्या बाप्तिस्म्याला मला हातात धरलं, रादोयेने नेवेनाला धरलं. आमच्याकडे भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही. उन्हाळ्यात नेवेनाने गोड बातमी दिली त्याच आठवड्यात त्याने जर्मनीतल्या मुलाकडून दोन गाड्या मागवल्या. एकाच साच्यातल्या, राखाडी, चार दारांच्या. एक स्वतःला, एक धर्मकन्येला. आणि मी, आरिल्येतला सगळ्यात किरकिरा माणूस, मी तिचं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. कुमाच्या देणगीला स्क्रूड्रायव्हर लावायचा नसतो.

मी स्वयंपाकघरात गेलो. देसांका, माझी बायको, उपासाच्या कोबीच्या गुंडाळ्या थाळीत लावत होती. मी तिला सांगितलं.

"धर्माची गाय आणि दात का नाय, ही म्हण तुझ्यासाठीच केलीये," ती म्हणाली.

"गाय बिनदाताची असली तर गवत वाया जाईल, देसांका. इथे पोर जाईल."

तिचा हात थांबला. मग तिने बैठकीच्या खोलीकडे मान वळवली. तिथे संताच्या चित्रापुढे सकाळपासून मोठी मेणबत्ती जळत होती. "ती जळतेय तोवर एक शब्द काढायचा नाही. नेवेनाला आज इथेच झोपव. उद्या काय ते उघड, फोड, जाळ. आज तुझ्या घरी संताचा दिवस आहे आणि रादोये तुझा पाहुणा आहे."

बरोबर बोलत होती. मी दोन तास तिचं ऐकलं. आता वाटतं, अजून दोन तास ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माझ्या जिभेला हाड नाही, हे गावात कुणालाही विचारा.

या दिवशी घरधनी बसत नाही, उभ्याने वाढतो. मी उपासाला चालणारं मासळीचं सूप वाढलं, पावटे वाढले, ग्लास भरले. रादोये टेबलाच्या मानाच्या टोकाला बसला होता. शेजारी त्याची बायको स्तामेना, मांडीवर सहा वर्षांची नात कालिना. इतर दहा-बारा शेजारी. रादोये हसत होता, ब्रेड मोडत होता, नेवेनाच्या ताटात मासळीचा मोठा तुकडा सरकवत होता. त्याने एकेक तुकडा सरकवला की माझं रक्त उकळायचं. पोटच्या पोरीसारखी म्हणतोस आणि चिंध्यांपुढे बसवतोस?

साडेतीनला नेवेना उठली. "निघते बाबा, रस्ता गोठायच्या आत."

"थांब. आज जायचं नाही."

"का? उद्या ड्यूटी आहे मला."

"का ते कुमाला विचार." माझ्या हातात वाइनची सुरई तशीच होती. "काय रे कुमा, त्या गाडीत एअरबॅग आहे का?"

रादोयेचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला बघून माझी उरलीसुरली शंकाही गेली.

"आज नको, तिहोमिर," तो हळू म्हणाला.

"आज नको, मग कधी? तिचं तोंड स्टिअरिंगवर फुटल्यावर? दोन दिवे एका तारेला बांधलेत. मला काय काल धंद्यात आलेला समजलास?"

"गाडी चांगली आहे. माझा शब्द आहे."

"मग उघडतो. आत्ता, सगळ्यांसमोर."

"उघडू नको." तो इतक्या घाईने म्हणाला की शेजारचे पाहुणेसुद्धा चपापले. "मी सांगतोय ना, बॅग आहे. उघडू नको."

"चोराच्या मनात चांदणं," मी म्हणालो.

बोललो. कुमाला, माझ्या छपराखाली, मेणबत्ती जळत असताना चोर म्हणालो. नेवेनाने तोंडावर हात ठेवला. रादोये उठला. त्याने नातीचा कोट शोधला, तिचा एक बूट पायात घातला, दुसरा हातातच घेतला. स्तामेना "अरे, अरे" करत मागे. दारात तो चित्रापुढे क्षणभर थांबला, क्रुसाची खूण केली, आणि गेला. बाहेर त्याच्या गाडीची चाकं बर्फावर फिरल्याचा आवाज आला, नको तितक्या जोरात.

मी लगेच हत्यारांची पेटी उचलली. मला खरं तर जिंकायचं होतं, दुसरं काही नाही. चिंध्या आणून टेबलावर, पावट्यांच्या शेजारी ठेवायच्या होत्या.

हे काम करताना आधी बॅटरीची तार सोडतात आणि साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबतात, नाहीतर बॅग तोंडावर फुटते. नवशिक्यांना मीच शिकवतो, न थांबणाऱ्याच्या मी कानाखाली काढलीये. पण आत काही नाहीच तर थांबायचं कशाला? मी चावी काढली, स्टिअरिंगच्या मागच्या भोकांत स्क्रूड्रायव्हर घातला, खटका दाबला, झाकण माझ्याकडे ओढलं आणि विजेरी आत मारली.

पिवळी जोडणी. जाड धातूची डबी. घडी घातलेली, पूर्ण भरलेली, जिवंत एअरबॅग, माझ्या नाकापासून वीतभर. बॅटरी जोडलेली. माझा हात तिच्या तारेला लागलेला.

मी श्वास रोखून हात एकेक बोट करून मागे घेतला. मान हलवली नाही. बाहेर पडलो, बॉनेट उघडलं, बॅटरी सोडली, आणि मग बर्फातच बसलो. तिथे बसून मी पुरती दहा मिनिटं मोजली.

मग बॅग काढून उलटी केली. मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: रादोये. खाली गेल्या महिन्याची तारीख.

एकसारख्या दोन वस्तू समोर असल्या की कारागीर मालकाचं नाव लिहून ठेवतात, घोटाळा नको म्हणून. ते अक्षर मी ओळखतो. पोझेगा गावच्या मिलोराद मेकॅनिकचं. मी त्याला फोन लावला.

"हे तू बसवलंस?"

"तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती त्याने. तुला तर मुळीच नाही."

"बोल, मिलोराद."

"त्याच्या पोराने जर्मनीहून कळवलं, तो गाड्या विकणारा पकडला गेलाय म्हणून. मग हा बर्फाचे टायर घालून देतो सांगून तुझ्या पोरीची गाडी घेऊन माझ्याकडे आला. उघडली तर आत चिंध्या. याच्या स्वतःच्या गाडीत मात्र खरी बॅग. म्हणाला, माझी काढ आणि तिच्यात घाल, आजच्या आज. मी घातली. यंत्रावर तपासली, नीट चालतेय. दिव्याची तार राहिली, तिला अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागला असता आणि त्याला संध्याकाळच्या आत गाडी परत करायची होती."

"आणि त्याच्या गाडीत?"

"रिकामं झाकण. म्हटलं थांब, दुसरी मिळेपर्यंत चालवू नको. म्हणाला, मला काय होतंय."

मी रादोयेला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. नेवेना पायऱ्यांवर उभी राहून सगळं ऐकत होती. तिने स्तामेनाला लावला आणि फोन माझ्या कानाशी धरला. आत कालिना रडत होती. "आत्ता नको गं पोरी," स्तामेना म्हणाली, "हा वेड्यासारखा चालवतोय, माझं ऐकत नाही." आणि फोन बंद झाला.

माझी स्वतःची गाडी इतकी जुनी आहे की तिच्यात एअरबॅग कधी जन्मालाच आली नव्हती. घरधनी असल्यामुळे दिवसभर दारूने नुसते ओठ ओले केले होते, हे एक बरं. मी निघालो. त्यांचं ग्रादिना गाव चढावर आहे, नदीच्या कडेकडेने अकरा किलोमीटर. चार वाजत आले होते आणि सावलीतला रस्ता काचेसारखा झाला होता. प्रत्येक वळणावर मी कठड्याकडे आधी बघत होतो, रस्त्याकडे नंतर. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. तो असा कधीच चालवत नाही. मी त्याला असं चालवायला लावलं.

लाकडाच्या गिरणीच्या वळणावर बर्फात दोन चर दिसले. सरळ गेलेले, जिथे रस्ता वळतो तिथे न वळलेले.

गाडी नदीत नव्हती. बर्फ सारणाऱ्यांनी कडेला रचलेल्या ढिगात नाक खुपसून उभी होती. ढीग नसता तर पुढे काहीच नव्हतं. स्तामेना कालिनाला कडेवर घेऊन बाहेर उभी होती, दोघी धडधाकट. रादोये अजून आतच होता. त्याने पट्टा लावला नव्हता, ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं होतं, आणि दोन्ही हात स्टिअरिंगला धरलेले. मऊ बर्फाच्या एवढ्याशा धक्क्याला बॅग असती तरी उघडली नसती, हे मला कळत होतं. तरी मी त्या रिकाम्या झाकणाकडेच बघत राहिलो.

मी रुमाल पुढे केला. त्याने घेतला.

"उघडलीस," तो म्हणाला.

"उघडली."

त्याने बायकोकडे पाहिलं, ती ऐकू येण्याइतकी जवळ नव्हती. "बॅगेचं हिला सांगू नको. रोज शेजारी बसते."

"कुमा, मला माफ कर." हे शब्द मी याआधी कधी वापरले होते ते आठवत नव्हतं. "पण माझ्याकडे का नाही आणलीस? पोझेगाला कशाला गेलास? मी रात्रीचा दिवस करून दोन्ही गाड्या नीट केल्या असत्या. एक पैसा घेतला नसता."

"आणली होती."

"कधी?"

"दोनदा. तिची हाती यायच्या आधी माझीच घेऊन आलो. पहिल्यांदा तुझ्या फाटकाशी पोचलो तर तू शाळेच्या मास्तरांना झापत होतास. कोणत्या आंधळ्याने ही गाडी घेतली म्हणून. माणूस मान खाली घालून उभा, आणि अख्खी गल्ली हसतेय. मी गाडी तशीच मागे घेतली. दुसऱ्या दिवशी परत आलो. तू दुसऱ्या कुणाला तरी तेच ऐकवत होतास." त्याने ओठावरचा रुमाल काढला, रक्त पाहिलं, पुन्हा लावला. "बॅग काढलेली गाडी घेऊन महिनाभर मी या वळणावरून रोज गेलो, तिहोमिर. त्याची मला भीती वाटली नाही. तुझ्या फाटकातून आत यायची वाटली."

मी कालिनाला उचलून माझ्या गाडीत मागे बसवलं आणि तिचा दुसरा बूट पायात घातला. स्तामेनाला हात दिला. पुढचं दार रादोयेसाठी उघडून धरलं.

त्याने ते दार हळूच लावलं आणि मागे, नातीजवळ जाऊन बसला. मग स्तामेना पुढे आली. ग्रादिनापर्यंत मी वीसच्या वर वेग नेला नाही, आणि आरशातून मागे बघायची मला छाती झाली नाही.