लाइनवरची खरखर

दुभाष्याला एकच पथ्य पाळायचं असतं: समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर सोडायचं नाही. काल भर ऑनलाइन सुनावणीत दुभाषीबाईंकडून नेमकं तेच झालं होतं. कोठडीतली मोलकरीण तिच्या भाषेत म्हणाली, "मी मालकिणीला ढकललं नाही." घरच्या टेबलाशी बसून बाईंनी ते कोर्टाला सांगितलं आणि त्यातलं 'नाही' वाटेतच गळून पडलं. पडद्यावर न्यायाधीशांचा चेहरा गोठलेला. बाईंनी तीनदा ओरडून सांगितलं, तोवर लाइनच तुटली. संध्याकाळी कारकुनाने बजावलं, "उद्या अकराला. उद्याही जमलं नाही, तर पुढची तारीख दीड महिन्यानं."

म्हणजे दीड महिना ती पोर आतच.

आता सव्वादहा वाजले होते. मोबाइलला घरात रेंज जेमतेम बोलण्यापुरती, त्यावर इंटरनेट चालायचं नाही. त्यावरून बाईंनी इंटरनेट कंपनीचं मदतकेंद्र गाठलं होतं.

"वेग मोजलात का, ताई?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"पावणेएक एमबी. सोमवारपर्यंत नऊ यायचा."

"आता घरचा फोन उचला. एक आकडा दाबा आणि नुसतं ऐका."

बाईंनी ऐकलं. कुणी कागद चुरगाळत बसावं तशी सारखी खरखर चालली होती.

"घरात फोन किती?"

"एकच."

"तुम्ही म्हणता तर एकच असेल. पण तुमची तार वेगळंच सांगतेय. बाहेरून लाइन घरात शिरते ना, तिथलं खोकं बघा बरं."

ते खोकं बाहेरच्या दाराशी, सासऱ्यांच्या खोलीसमोरच्या चपलांच्या फळीमागे होतं. बाई गुडघे टेकून वाकल्या. त्यातून दोन तारा निघत होत्या. एक मॉडेमकडे जाणारी, ओळखीची. दुसरी जुनी, पिवळट, जोडावर चिकटपट्टी गुंडाळलेली. ती भिंतीच्या कडेने कपाटामागून सासऱ्यांच्या खोलीत गेली होती.

सासरे पलंगावर बसले होते. उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. सुनेला बघताच त्यांनी चादरीचं टोक खाली ओढलं. बाईंनी ते वर केलं. माळ्यावर टाकलेला जुना फोन पलंगाखाली, जमिनीवर ठेवला होता.

"बाबा, हे काय?"

"असू दे गं."

कानाशी मदतकेंद्रवाला सांगत होता, "जुन्या फोनला फिल्टरची डबी लावावी लागते, ताई. ती नसेल तर इंटरनेट अडखळतं, तो काढा. आणि मॉडेम थेट पहिल्या खोक्याला लावा."

"काढू नकोस," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला बाईंनी कधी ऐकला नव्हता. "सोमवारी न्हाणीघरात पडलो. चार हाका मारल्या. तुझ्या कानांवर ते हेडफोन. तुझा नवराही घरी नाही, दौऱ्यावर. मग सरपटत बाहेर आलो. फोन खाली ठेवला की पडल्या जागी हाती लागेल, म्हणून."

सोमवारी त्या पाच पावलांवर बसल्या होत्या. दुसऱ्यांच्या तोंडचा शब्द न् शब्द ऐकत होत्या, आणि घरातली हाक ऐकली नव्हती. घड्याळात अकराला वीस कमी.

"बाबा, तासभर द्या मला. तुमच्या दारासमोरच बसते. हूं केलंत तरी उठून येईन."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच वाकून, ओठ घट्ट मिटून, तार उपसली.

बाईंनी मॉडेम पहिल्या खोक्याला जोडला, चपला बाजूला सारून फळीवर लॅपटॉप मांडला, खाली स्टूल घेतलं. मॉडेमचा दिवा लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला, आणि एकदाचा स्थिर झाला. वेग साडेआठ. हेडफोन त्यांनी एकाच कानावर चढवला. दुसरा कान सासऱ्यांच्या खोलीकडे.

"आरोपी काल काय म्हणाली, ते पुन्हा विचारून सांगा," न्यायाधीश म्हणाले.

मोलकरीण बोलली. बाईंनी एकेक शब्द सुटा करून सांगितला, "मी, मालकिणीला, ढकललं नाही."

पडद्यावरचं चित्र अडखळलं. एक श्वास, दोन श्वास.

"नाही," त्या पुन्हा म्हणाल्या. "ढकललं नाही, असं ती म्हणते."

"ऐकलं. नोंद केली," न्यायाधीश म्हणाले आणि खाली बघून लिहू लागले.

खोलीत पलंग करकरला. बाई अर्ध्या उठल्या. सासऱ्यांनी आतून हात हलवून बसायला सांगितलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी मोलकरणीला जामीन मिळाला. खटला अजून उभाच होता, पण संध्याकाळपर्यंत ती बाहेर येणार होती.

बाई तडक खोलीत गेल्या. "पाय दाखवा."

"काही झालेलं नाही."

"बाबा."

त्यांनी लेंगा वर केला. गुडघ्यापासून पोटरीपर्यंत काळंनिळं. चार दिवस हा माणूस तसाच जेवायला येऊन बसत होता, आणि म्हणे गुडघे दुखतात, वय झालं.

दवाखान्यात कळलं, हाडाला बारीक चीर, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. प्लास्टर ओलं होतं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "तुझी ती पोरगी सुटली का?"

"सुटली. जामिनावर."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि उठण्यासाठी त्यांनी सुनेचा खांदा धरला.