पहिली पंगत

सारी मुंबई प्लेगाला भिऊन गावाकडे पळत होती, त्या हंगामात मी गावाहून मुंबईला आलो. यावरून माझ्या अकलेचा अंदाज घ्यावा. पण गिरण्यांना माणसं मिळत नव्हती, त्यामुळे परळच्या एका गिरणीत दौलतराव जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, मला उभ्या उभ्या कामावर घेतलं, तेही रिलिंग खात्यात. तिथं सुताच्या लड्या करायच्या असतात. काम बायकांचं, पण निम्म्या बायका गावी गेल्या होत्या.

मला काम शिकवलं शेवंतीमावशीनं. ही विधवा बाई लालबागच्या चाळीत आपल्या पोरीला, शांतीला, घेऊन राहायची, दिवसभर गिरणीत राबायची आणि दोन्ही वेळेला आम्हा सहा एकट्या पुरुषांची खानावळ चालवायची. दौलतरावही तिथंच जेवायचे. माझं सूत सारखं तुटायचं. मावशी आपलं काम टाकून माझ्या गाठी मारायची आणि म्हणायची, "लवू, मेल्या, हे हात आहेत की मुसळं?"

महिना भरला. मला बारा रुपये मिळाले, तिला सात. आणि मी शहाणा, ही आनंदाची बातमी तिलाच सांगायला गेलो!

संध्याकाळी दौलतरावांना वाढताना तिनं विषय काढला. "ह्याला बारा आणि ह्याच्या गाठी मारणारीला सात, ह्यो कुठला न्याय?"

"शेवंतीबाई, रागावू नको," दौलतराव घास घोळवत म्हणाले. "बाईमाणसाचं पोट ते केवढं? तू अर्ध्या भाकरीवर उठतेस, मी रोज बघतो. गड्याला चार लागतात. साहेब पोट बघून पगार लावतो." एवढं सांगून त्यांनी पाचवी मागितली.

मावशीनं ती वाढली, पण तिचा चेहरा मला बघवेना. शांतीला नववं सरलं होतं, म्हणजे कायद्यानं ती गिरणीत अर्ध्या दिवसाच्या कामाला चालत होती. खानावळीचे चार पैसे धरूनही सातात भागत नव्हतं. पुढच्या महिन्यात पोरीला मशीनपुढे उभं करावं लागणार, याच काळजीनं मावशी वाळत चालली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही हातपाय धुऊन आलो, तर आमच्या पाटांवर बायका बसलेल्या! मावशी, शांती आणि रिलिंगातल्या तिघी. ताटांत गरम भाकऱ्या, कुळथाची पिठी, सुका जवळा.

"हे काय चाललंय?" दौलतरावांचा आवाज चढला.

"जेवतोय," मावशी म्हणाली. "बसा जरा भायेर. रोज तुमी उठलात की आमी बसतो. आज आमी उठलो की तुमी बसा."

आम्ही गॅलरीत उभे राहिलो. दौलतराव दारातून भाकऱ्या मोजत होते. मावशीची चौथी झाली तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. दुसरीकडे जावं, तर आसपासच्या खानावळवाल्या सगळ्या गावी गेलेल्या. मावशीला कामावरून काढावं, तर लड्या कोण करणार? मी?

मग आम्हाला वाढलं. वाट्याला अर्धी अर्धी भाकरी आणि पिठीची खरवड. मावशी लाडीगोडीनं म्हणाली, "दौलतराव, अर्ध्या भाकरीवर भागलं ना? साहेबास्नी सांगा, तुमचं पोट बारीक झालं. त्या बेतानं पगार लावतील."

दौलतराव ताट ढकलून उठणार, तोच कोपऱ्यात शांती मुसमुसायला लागली. "आये, पोटात कायतरी होतंय. गच्च झालंय. दुखतंय गो."

मावशी धावली. पोरीच्या पोटावरून हात फिरवला आणि तशीच थांबली. "दुखत नाय गो बाय," ती म्हणाली. "भरलंय."

मला माझ्या बारा रुपयांची लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज रोजच्या चार भाकऱ्यांची. दौलतरावांनी ताट पुन्हा पुढे ओढलं आणि ती अर्धी भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

सकाळी ते साहेबाकडे गेले. काय बोलले देव जाणे, पण मावशीला दहा रुपये झाले. शांती मशीनपुढे उभी राहिली नाही. मावशीनं तिला पाटी आणून दिली, आणि दारात बसून पोरगी आमच्यावरच मास्तरकी करू लागली.

"दोन रुपये अजून कमीच आहेत," मावशी म्हणाली, आणि पहिली पंगत बायकांचीच राहिली. आम्हाला पोटभर हवं तर भाकऱ्या वाढवायला हव्या होत्या, आणि मावशीला हात दोनच. म्हणून मी चुलीपुढे बसलो. भाकरी थापायलाही तिनंच शिकवलं. माझी पहिली भाकरी बघून म्हणाली, "मुसळंच हायत."

त्या कामाचा मात्र मला छदामही मिळाला नाही. मी विचारलं होतं. मावशी इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.