म्हशीनं खाल्लेलं कार्ड

मतदानाला आठवडा उरला असताना म्हशीनं धाकटीचं ओळखपत्र खाल्लं.

आदल्या रात्री वाऱ्यापावसानं धाकटीच्या छपराचा पत्रा हलला आणि पेटीत पाणी शिरलं. सकाळी तिनं कार्ड पुसलं, अंगणातल्या बुटक्या भिंतीवर उन्हात ठेवलं, वर खडा ठेवायचा आळस केला आणि चूल पेटवायला आत गेली. बाहेर येऊन बघते तर म्हशीच्या ओठाला नुसता एक कोपरा चिकटलेला, आणि म्हैस डोळे मिटून निवांत रवंथ करतेय.

"खा, खा!" धाकटी किंचाळली. "फोटो खा, नाव खा, माझं सगळं खा! तुला शिकवणारी बसलीच आहे तिकडं!"

तिकडं म्हणजे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं थोरली मक्याची कणसं सोलत होती. दोघी सख्ख्या जावा. दोघा भावांनी वाटण्या केल्या तेव्हा मळा वाटला, भांडी वाटली, विहिरीची पाळी वाटली. म्हैस तेवढी अर्धी कापता येईना. मग ठरलं, सकाळची धार थोरलीची, संध्याकाळची धाकटीची, वैरण निम्मी-निम्मी. पुढं भाऊ दोघंही गेले, म्हैसही जाऊन तिची रेडी म्हैस झाली, पण जावांचा अबोला काही मेला नाही. अबोला म्हणजे तोंड दिवसभर चालूच; फक्त बोलायचं ते म्हशीशी.

थोरलीनं हातातलं कणीस न सोडता म्हशीला म्हटलं, "बाई गं, तू तरी काय करणार? कुणाची अक्कल भिंतीवर वाळत घातलीय हे मुक्या जनावराला कसं कळावं!"

"हिला विचार गं," धाकटीही म्हशीलाच म्हणाली, "कार्डाशिवाय मत नाही, हा नियम गावसभेत मागितला कुणी?"

थोरलीचा हात थांबला. कारण मागितला होता तिनंच.

झालं होतं असं, की मागच्या खेपेला ती मत द्यायला गेली तेव्हा रांगेतलं कुणीतरी खुसखुसत बोललं, "मालक सकाळीच देऊन गेले की!" मालकाला जाऊन वर्ष उलटलेलं. थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. जन्मभर ज्याला झोपेतून उठवायला हंडा आपटावा लागला, तो मेल्यावर आपल्या पायांनी उठून मत द्यायला आला?

मग गावसभेत वाद पेटला. रस्त्याचा कंत्राटदार म्हणत होता, कार्ड पाहिजेच. कारण उघड होतं. ओढ्यापलीकडं वीटभट्टीवरच्या बहुतेकांजवळ कार्डं नव्हती आणि ओढ्यावरच्या पुलाचे पैसे त्यानं खाल्ल्यापासून ते लोक त्याच्यावर खार खाऊन होते. डेअरीचा चेअरमन म्हणत होता, कार्ड नको, गरिबाचा हक्क बुडतो. आणि बोलताना रुमालानं डोळे टिपत होता. थोरली उठली.

"दोघांचंही सोंग कळतंय मला. चेअरमनला मेलेले हवेत, अन् कंत्राटदाराला जिवंत नकोत!"

सभा हसून लोळली. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "तरी कार्ड मागा. माझ्या नवऱ्याला मेल्यावर तरी पडून राहू दे." नियम झाला. आणि आता तोच नियम घरच्या धाकटीच्या आडवा आला होता.

धाकटी नव्या कार्डासाठी कचेरीत जाऊन आली. कारकून म्हणाला, जुनं दाखव. ही म्हणाली, ते म्हशीच्या पोटात आहे. कारकून म्हणाला, मग म्हशीला मत द्यायला पाठव. संध्याकाळी धार काढताना ती म्हशीच्या कुशीला डोकं टेकून बोलत राहिली. "लहानपणी बापाला विचारून, मग नवऱ्याला विचारून, आता लेकाला विचारून. मत द्यायचा तो एक पडदा आहे बघ, तिथं आत गेल्यावर कुणाला विचारून आलीस म्हणून कुणी विचारत नाही. तेवढंच माझं होतं. तेही तू चघळलंस."

थोरलीनं दाराआडून ते ऐकलं.

मतदान शाळेत होतं. धाकटी बिनकार्डाचीच जाऊन उभी राहिली. केंद्रावरचा साहेब परगावचा, घामानं निथळलेला. मान वर न करता त्यानं विचारलं, "कार्ड?"

"नाही."

"मग घरी जा, बाई."

"घर माहीत आहे मला. जाणार नाही." ती शाळेच्या पायरीवर बसली. "इथंच बसते. बघू, मी कोण ते गावात कुणाला आठवतंय का."

गावातलं कोण बोलणार? सगळ्यांची दुधं चेअरमनच्या डेअरीत, आणि धाकटी काही त्याची माणूस नव्हे. रांगेतल्या बायका आपापल्या पायांकडं बघू लागल्या. थोरलीही रांगेत होती. तीही बघू लागली, पण तिला आपले पाय बघवेनात.

एवढ्यात पुरुषांच्या रांगेतून चेअरमनचा ट्रॅक्टरवाला पुढं झाला. नवीनच मिशा राखलेल्या. त्यानं कार्ड दिलं, केंद्रावरच्या कारकुनानं नाव मोठ्यानं वाचलं आणि थोरलीच्या डोक्यावर वीज पडली. तिच्या नवऱ्याचं नाव! विधवेच्या पगाराचं काम करून देतो म्हणून चेअरमननं तिच्याच हातून नेलेलं ते कार्ड. फोटोत निम्म्या मिशा, निम्मा अंधार.

"बरोबर आहे," साहेब म्हणाला. "पुढं चला."

थोरली रांग सोडून आत आली. आता ही शिव्यांची पोतडी सोडणार म्हणून सगळे सावरून उभे राहिले. तिनं ट्रॅक्टरवाल्याला नखशिखांत न्याहाळलं आणि मऊ आवाजात म्हणाली, "अहो, आलात का!"

ट्रॅक्टरवाला एक पाऊल मागं सरला.

"बरं झालं बाई आलात. गोठ्याचं छप्पर गळतंय, विहिरीचा दोर कुजलाय, दोन एकर मका कापायचा पडलाय. मी एकटी कुठं कुठं पुरू?" तिनं त्याचं मनगट धरलं. धार काढून काढून घट्ट झालेला हात तो, असा सुटतोय थोडाच!

"काय चाललंय हे?" साहेबानं आता मान वर केली.

"नवरा आहे माझा, साहेब. तुमचं कार्डच सांगतंय. त्यांचं मत होऊ द्या, मग घरी नेते. शेण काढायचंय."

"काकू, सोड ना गं..." ट्रॅक्टरवाला कुजबुजला.

"काकू? लाज नाही वाटत, बायकोला काकू म्हणता?"

शाळा हसण्यानं दणाणली. दारातून चेअरमन पुढं आला. "थोरल्या काकू, उद्या दूध डेअरीतच घालायचंय ना?"

"आमची म्हैस कागद पचवते, चेअरमन. तुझी धमकी म्हणजे तिला पेंड."

तेवढ्यात हिसका देऊन ट्रॅक्टरवाला जो पळाला, तो चप्पलही मागं टाकून. कार्ड टेबलावरच राहिलं. थोरलीनं त्यावर बोट ठेवलं.

"साहेब, हा मेलेला. कार्ड होतं म्हणून आत आला. ती पायरीवर बसलीय ती जिवंत, ती बाहेर. कार्ड मागू नका असं मी म्हणत नाही. मीच मागायला लावलंय. पण कार्ड बघून झालं की मान वर करून माणूसही बघा."

साहेबानं घाम पुसला, पुस्तिका उलटली. "एक वाट आहे. घरातल्या कार्डवाल्या माणसानं लिहून दिलं तर चालतं. पण खोटं निघालं तर तुरुंग."

"हे तिला सकाळी का नाही सांगितलंत?"

"सगळ्यांना सांगत बसलो तर रांग कधी संपायची?"

"रांग संपवायला आलात की मतं घ्यायला?"

मागं उभ्या असलेल्या भट्टीवरच्या बायकांनी ते ऐकलं आणि एकमेकींना कोपरं मारली. एकजण घरातल्या कार्डवाल्याला बोलवायला पळालीसुद्धा.

साहेबानं विचारलं, "ही तुमची कोण?"

थोरलीनं सवयीनं इकडंतिकडं पाहिलं. म्हैस नव्हती. मग तिनं सरळ धाकटीच्या तोंडाकडं पाहिलं.

"जाऊ आहे माझी. भांडखोर आहे. माझ्या वाटणीची वैरण चोरते. पण आहे."

"मी चोरते?" धाकटी पायरीवरून ताडकन उठली. "आणि सकाळीच संध्याकाळचं दूध ओरबाडून घेते ती कोण?"

"पुरे, पुरे!" साहेब म्हणाला. "एकाच घरच्या आहात. करा सही."

थोरलीला सही म्हणजे नांगर धरण्याइतकं काम. तिनं एकेक अक्षर कोरलं, आणि धाकटी पडद्याआड गेली.

संध्याकाळची धार धाकटीची. थोरली जरा वेळ दारात घुटमळली, मग अंगणाच्या मधोमध आली आणि इतक्या वर्षांत घरात पहिल्यांदा सरळ तिलाच म्हणाली, "कुणाला दिलंस गं?"

बादलीत धार वाजत राहिली.

"चेअरमनला तर नाही ना? नाहीतर त्या कंत्राटदाराला? अगं, तुरुंगात जायची तयारी ठेवून सही केलीय मी!"

धाकटीनं म्हशीच्या कुशीवरचं डोकं उचललं नाही. "हिला सांग गं म्हशी, उपकार आहेत म्हणावं. पण ते सांगायचं नसतं."

थोरली फणकारून वळली. आपल्या वाटणीच्या वैरणीतली हिरव्या मक्याची पेंढी ओढून तिनं म्हशीपुढं आपटली आणि म्हशीच्याच कानाशी म्हणाली, "तिला म्हणावं, नकोच सांगू. मलाही सांगितलं असतंस, तर तो पडदा तुझा कुठला? माझी सही वाया गेली असती."