पाळणे कुठे कुठे गेले

मेसेज आला तेव्हा मीरा पाळण्यातच होती. एका हातात पाळण्याची दोरी, दुसऱ्या हातात फोन, असं माझं रोजचंच. आधी फोटो उघडला. पांढऱ्या सुताचा पाळणा, आमच्या बाबांच्या हातचा, कुठेही ओळखेन असा. एका कडेला जाळी उसवलेली, त्यातून बाळ सहज खाली जाईल एवढी. खाली लिहिलं होतं, गाठी सुटल्या, मुलगा फरशीवर पडला, डोक्याला टाके पडलेत, सारख्या उलट्या होतायत, पैसे परत करा.

दोरी सोडून मी मीराला उचललं. झोपेतून ओढून काढल्यासारखी ती दचकली आणि रडायला लागली.

ओटीवर बाबा विणत बसले होते. माझे सासरे, बळवंत. होडी विकल्यापासून ते तिथेच बसतात, आता मांडीवर सूत, हातात लाकडी सुई. आमचा सगळा खारदांडा कोळीवाडा जाळ्याची गाठ मारतो, पण बाबांची गाठ वेगळीच, असं लोक म्हणायचे. त्याच गाठीचा पाळणा त्यांनी मीरासाठी विणला. मी त्याचा फोटो हातानं केलेल्या वस्तू विकणाऱ्या एका साइटवर टाकला. पाळण्यात मीरा, शेजारी बाबांचे हात. दोन वर्षं नुसते बसून असलेल्या माणसाकडे ऑर्डरी यायला लागल्या. फोन टिंग वाजला की आतल्या खोलीत असले तरी बाबा बाहेर यायचे.

"काय गं, निजलेली पोर कशाला उठवलीस?"

"शी केली, बाबा."

मोरीच्या दाराआड उभी राहून मी मेसेज पाठवणाऱ्या एस.ना लिहिलं, बाळ कसं आहे? डॉक्टर काय म्हणाले? साइटवर गिऱ्हाइकाचं नाव दिसत नाही, नुसतं अक्षर आणि गाव. एस., इंदूर. उत्तर साइटचंच आलं. पैसे परत केले आहेत, तक्रार निकाली निघाली आहे, हे संभाषण बंद करण्यात येत आहे. खाली लिहायची चौकट होती ती राखाडी झाली.

उलट्या होतायत. डोक्याला मार लागल्यावर उलट्या होणं म्हणजे काय, हे मीरा पलंगावरून पडली होती तेव्हा मी पानंच्या पानं वाचलं होतं. आता ते सगळं मला तोंडपाठ आठवायला लागलं.

बाबा बाजारात गेल्यावर मी मीराच्या पाळण्याच्या गाठी नखानं तपासल्या. वरच्या सगळ्या दगडासारख्या घट्ट. कडेच्या ओळीत आल्यावर एक हलली. मग आणखी एक. तिसरीत नख सरळ आत गेलं.

संध्याकाळी मी बाबांना चहा दिला आणि समोर बसले. स्टीलचा पेला, चहा नुकता उकळलेला. मी तो पदरानं धरून आणला होता. बाबांनी उघड्या हातानं घेतला आणि धरून बसले. फुंकर नाही, हात बदलणं नाही. गप्पा मारत राहिले. बोटांची टोकं लाल झाली तरी त्यांना पत्ता नव्हता.

बाबांना शुगर आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. बोटांचं कुणाला माहीत नव्हतं. ते टीव्ही बघत विणायचे, गाठ बघून नाही, बोटाला लागली की पुढची. आता बोटाला काही लागतच नव्हतं.

माझा नवरा प्रज्योत विमानतळाच्या कार्गोत असतो. शिफ्ट संपवून आला तेव्हा मी त्याला सगळं दाखवलं. त्यानं उसवलेली कड मोठी करून बघितली.

"विक्री बंद कर. आजच."

"केली रे. साठा शून्य टाकला. पण गेलेल्यांचं काय? साठ-सत्तर पाळणे गेलेत, प्रज्योत. त्यातले बिघडलेले कुठले, कधीपासूनचे, काही कळायला मार्ग नाही. आत्ता या घडीला त्यात मुलं झोपलीयेत."

"मग कळव ना त्यांना."

"कसं? नाव नाही, नंबर नाही. कुरिअरच्या लेबलवरसुद्धा नुसता बारकोड आणि गाव."

तो हळूच म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. काय राहिलंय त्यांच्याकडे दुसरं?"

साइटच्या मदतकक्षात मी तीनतीनदा लिहिलं. माझी वस्तू धोकादायक आहे, घेतलेल्या सगळ्यांना कळवा. पहिल्यांदा उत्तर आलं, तुमचं दुकान छान चाललं आहे, अभिनंदन! मग, ग्राहकांची माहिती देता येत नाही. मी म्हटलं, मला देऊ नका, तुम्हीच कळवा. तुमची विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. त्या विभागाला मी रोज सकाळी उठून विचारत होते आणि तो विभाग काही बोलत नव्हता.

सासूबाईंना मी सांगून टाकलं. बाबांना नाही, त्यांना. त्या, मंजुळाबाई, खारच्या बिल्डिंगींमधून मासळी विकतात, टोपली घेऊन, पंचवीस वर्षं त्याच जिन्यांवर.

"घर माहीत नाय म्हंजे? मग इकलं कुणाला तू?"

"साइटनं विकलं, आई."

"ती साइट कुठं बसते? चल, जाऊ. मी बोलते तिच्याशी." मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "एकदा माझा कुपा मासा खराब निघाला होता. सगळ्या मजल्यांवर परत गेले. शिजवू नका बोलले, शिव्या खाल्ल्या. पण कुणाच्या पोटात नाय गेला." त्या कोळंबी सोलायला लागल्या. सोलता सोलता म्हणाल्या, "यांना कळलं तर हे बसतील तिथंच, परत उठायचे नाय."

गंधाली माझी कॉलेजची मैत्रीण, मुलुंडला असते. वाट तिनं काढली.

"रिव्ह्यू टाकू ना. एक स्टार, मोठ्या अक्षरात. पाळणा उतरवा म्हणून."

"गेलेलं गिऱ्हाईक परत कशाला बघेल ते पान?"

"दहातलं एक बघेल. दुसरा पाळणा घ्यायला, मैत्रिणीला लिंक पाठवायला. एक तर एक, यार."

पण विकत घेतल्याशिवाय रिव्ह्यू टाकता येत नाही. म्हणून साठा एक करायचा, गंधालीनं ऑर्डर द्यायची, मी खोक्यात जुनी चादर घालून पाठवायची, तिच्या हातात पडलं की तिनं लिहायचं, असं ठरलं. फोनचा आवाज बंद करायचं तेवढं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

टिंग वाजलं. बाबा आतून लुंगी सावरत आले.

"आली? मी बोललो नव्हतो, मधे जरा मंदी असते! कुठं जातोय?"

"मुलुंड."

"हात्तिच्या, इथंच! पोरगा का पोरगी?"

हे ते दर वेळी विचारायचे. साइट असलं काही सांगत नाही, पण माहीत नाही म्हटलं की बाबांचा चेहरा पडायचा, म्हणून मी काहीतरी सांगून टाकायचे. एकदा हैदराबादहून दोन पाळण्यांची ऑर्डर आली तर मी जुळी आहेत म्हटलं होतं. त्या आठवड्यात ते शेजारपाजारच्या सगळ्यांना जुळ्यांची बातमी देत फिरले.

"पोरगी," मी म्हटलं.

त्यांनी टीव्ही लावला नाही. सूत नवीन घेतलं. अंतर मोजून, गाठ मारून, दातांनी ओढून बघत होते. दातांनी ओढताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, यांना माहीत आहे. मग वाटलं, नाही, चांगलं व्हावं म्हणून करतायत. मी मीराला कडेवर घेऊन आत-बाहेर करत राहिले. ती आता जमिनीवर गोधडीत झोपत होती.

"तिला पाळण्यात का नाय घालत तू?"

"उकडतं, बाबा. खाली बरं वाटतं तिला."

"जाळीत उकडतं?"

मी भाजी चिरायला घेतली.

पाळणा झाला. बाबांनी त्याच्या कडीला एक काळा मणी ओवला, नजर लागू नये म्हणून. असला मणी त्यांनी फक्त मीराच्या पाळण्याला घातला होता. मी तो नवा पाळणाच खोक्यात घालून पाठवला. जुनी चादर आता कशाला, आणि तो घरात ठेवून तरी काय सांगणार होते?

गंधालीचा फोन आला. "मिळाला गं. काय सुंदर विणलाय! काय लिहू, सांग."

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. या पाळण्याच्या गाठी सुटतात. एक बाळ पडून जखमी झालं आहे. आधी घेतला असेल तर आजच उतरवा. बाळाला त्यात ठेवू नका. रिव्ह्यू दिसायला लागला, खरेदीची खूण आणि एक स्टार. मी तो पुन्हा पुन्हा उघडत होते, कुणी बघितला का ते कळत नव्हतं, तरी उघडत होते.

दुसऱ्या दिवशी उघडला तर पान उपलब्ध नाही. सुरक्षेच्या कारणास्तव वस्तू काढून टाकली आहे. दुकान स्थगित केलं आहे. पानाबरोबर रिव्ह्यूही गेला. आता कुणी परत शोधत आलंच, तर त्याला एवढंच दिसणार होतं की असा पाळणा इथे नाही. त्याच्या घरी तो असणार होता.

मी स्वयंपाकघरात उभी होते. बाहेरून कडीचा आवाज येत होता, कर्र, कर्र, पाळणा झोका घेताना येतो तसा. मीरा माझ्या कडेवर होती. मी धावत बाहेर गेले.

बाबा मीराच्या पाळण्यासमोर बसून दोरी ओढत होते. पाळण्यात मीराच्या दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा होता. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आई, तुम्ही सांगितलं?"

"मी नाय सांगितलं. तू आत गेल्यापास्न हेच करतायत."

बाबांनी एका लयीत झोका दिला, जसा ते मीराला द्यायचे. मीरा पाळण्याकडे हात करून हसत होती, तिला वाटलं खेळ आहे. किती वेळ गेला कोण जाणे. मग कडेचा धागा सरकला, शेजारचा सरकला, आणि वरवंटा दुपट्यासकट खाली आदळला. फरशीचा कपचा उडाला.

मीरा रडली. कुणी तिला उगी केलं नाही.

बाबांनी दुपटं उचललं, झटकलं, घडी घातली. मग स्वतःचा अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. दुसऱ्या हाताच्या नखानं दाबला, जोरात, आणखी जोरात.

"कुठं कुठं गेले हे?" ते म्हणाले.

"बाबा, साइट सांगत नाही. मी खूप केलं. खरंच."

"साइट राहू दे. मना सगळे ध्यानात हायत." त्यांनी डोळे मिटले आणि बोटांवर मोजायला लागले. "नागपूर, पोरगा. कोल्हापूर, पोरगी. इंदूर, पोरगी. हैदराबाद, जुळी. त्यांचे आधी उतरवायला पाहिजेत, दोन हायत. मग नाशिक, पोरगा…"

इंदूरला मुलगा होता. बाकीची मुलं माझ्या तोंडून आलेली. मीराला थोपटत मी उभी राहिले आणि बाबा एकेक नाव घेत गेले.