पाळणाघर चालू आहे

बालमित्रांनो, मी एका शिलाई कारखान्यातला लाकडी पाळणा आहे. माझे वय तसे फार नाही. पण बंद खोलीत वर्षे लवकर चढतात. रंग उडाला आहे, एका बाजूचा गज सैल झाला आहे. अशा पाळण्याची गोष्ट एकदा दिल्लीत, लोकसभेत निघाली होती, असे सांगितले तर तुम्ही हसाल. पण ते खरे आहे. आणि मला त्याचा अभिमान नाही, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

माझा जन्म कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या अप्पा सुतारांच्या दुकानात झाला. एक दवाखाना आणि एक कोचिंग क्लास यांच्या मधल्या बोळात ते दुकान होते. शहराबाहेर इरावतीबाईंचा तयार कपड्यांचा कारखाना होता. त्या स्वतः अप्पांकडे आल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे साठ बायका शिवणाला आहेत. पाळणाघर काढायचा आता कायदाच झालाय. चांगला मजबूत पाळणा करून द्या."

अप्पांनी मला सागवानात घडवले आणि लाकडी चौकटीला साखळ्यांनी टांगले. पॉलिश पेपरने घासून झाले की ते नातवाचा जुना सदरा माझ्या कडांवरून फिरवायचे. कुठे धागा अडकला, तर पुन्हा घासायला बसायचे. असे त्यांनी दोन दिवस केले.

कारखान्यात मला शिलाई हॉलला लागून असलेली एक खोली मिळाली. दारावर 'पाळणाघर' अशी निळी पाटी लागली. मुलांना सांभाळायला शालूबाई आल्या. त्या अंगाने जाड, आवाजाने मोठ्या आणि हाताने फार हलक्या होत्या. सहा-सात मुले असायची. सगळ्यात लहान असेल ते माझ्यात, बाकीची सतरंजीवर.

त्या काळात माझ्यात झोपणारी एक मुलगी म्हणजे दीप्ती. तिची आई संघप्रिया कॉलर लावायच्या मशीनवर होती. दिवसातून चार वेळा आयांना मुलांकडे येता यायचे. संघप्रिया केसांत दोऱ्याचे तुकडे घेऊन धावत यायची, लेकीला पाजायची आणि माझ्या दांडीला धरून हळूच बाबासाहेबांचा पाळणा गुणगुणायची. तिच्या आईने तो तिला म्हटलेला होता. दीप्तीला दात आले तेव्हा तिने माझा वरचा कठडा चावून काढला. त्या खुणा अजून आहेत. मित्रांनो, तेव्हा मला वाटायचे, माझे सगळे आयुष्य असेच जाणार.

मग करोनाची टाळेबंदी आली. कारखाना बंद झाला. काही महिन्यांनी मशिनी पुन्हा सुरू झाल्या, पण मुले आली नाहीत. "सध्या पोरं आणू नका," असे बायकांना सांगितले होते. शालूबाईंना घरी पाठवले. इरावतीबाई थकल्या आणि कारभार त्यांचे पुतणे विश्वजित यांच्याकडे आला. विश्वजित साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना सदैव जागा कमी पडायची, एवढेच. एका दुपारी त्यांनी माझ्या खोलीत कापडाचे गठ्ठे ठेवले. 'सध्या' म्हणून ठेवलेले ते गठ्ठे छतापर्यंत गेले. मला भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात लोटले. माझ्या कुशीत बटणांच्या पिशव्या टाकल्या. दाराला कुलूप लागले. पाटी मात्र तशीच राहिली.

वर्षातून एकदा तपासणीला अधिकारी यायचे. त्याच्या आदल्या दिवशी दारापुढचे गठ्ठे हलवून मला पुढे ओढायचे, पुसायचे आणि माझ्यात प्लास्टिकच्या वेष्टनासकट एक बाहुली ठेवायचे. अधिकारी दारातूनच बघायचे आणि सही करून जायचे. मग बाहुली कपाटात आणि मी कोपऱ्यात. गठ्ठ्यांचा भार इतका असायचा की मला हलायलाही जागा नसे. न हलणारा पाळणा म्हणजे काय, ते मलाच ठाऊक.

माझ्या दाराबाहेरच्या व्हरांड्यात सावली असल्याने बायका तिथेच जेवायला बसत. त्यांच्या बोलण्यावरूनच मला जग कळायचे. एक दिवस ओळखीचा आवाज आला. संघप्रिया दुसऱ्या बाळंतपणानंतर कामावर परतली होती. या वेळी मुलगा झाला होता, बुद्धभूषण. तो सात महिन्यांचा होता. नवरा प्रसेनजीत दुधाचा टँकर चालवायचा. दोन-दोन दिवस घरी नसायचा. शेजारच्या धोंडुबाई बाळाला बघत. पण त्या पडल्या, मांडीचे हाड मोडले आणि जोतिबाच्या डोंगरावर लेकीकडे गेल्या.

"मग आता बाळाजवळ कोण असतं गं?" शेजारच्या मशीनवरच्या अंजनाने विचारले.

"दीप्ती."

"आणि तिची शाळा?"

संघप्रिया म्हणाली, "न्हाय जात. दुसरीत हाय, पण दोन महिनं झालं शाळंचं तोंड बघितलं न्हाय. दोघांस्नी आत ठेवते आणि बाहेरनं कडी लावून येते."

"कोंडून येतीस व्हय?"

"मग काय करू, तूच सांग की! दार उघडं टाकलं तर पोरगी रस्त्यावर जाईल. काम सोडलं तर भाड्याचं घर जाईल."

माझ्यातच झोपून मोठी झालेली ती मुलगी आता सात वर्षांची होती आणि बंद दाराआड दुसऱ्या बाळाला सांभाळत होती. मी रिकामा होतो, मजबूत होतो, आणि त्यांच्या आईपासून एका भिंतीच्या अंतरावर होतो. दुपारी संघप्रियाला दूध दाटून यायचे. तेव्हा ती याच भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहायची. तिने साहेबांना एकदा विचारलेही. "दोन-तीन पोरांसाठी बाई ठेवायला परवडत नाही. दिवाळीनंतर बघू," असे उत्तर मिळाले. ती दिवाळी येऊन गेली.

मग एके दिवशी कारखान्यात एकदम धावपळ सुरू झाली. दिल्लीहून काही खासदार कामगार बायकांच्या सोयी बघायला येणार होते. गठ्ठे ट्रकमध्ये भरून बाहेर नेले. भिंतींना चुना लागला. शालूबाईंना एका दिवसासाठी बोलावणे गेले. त्या इस्त्रीचे पातळ नेसून आल्या, मला बघून थबकल्या आणि पदरानेच माझी धूळ पुसू लागल्या. साहेबांनी तीन आयांना सांगितले, "उद्या पोरांना घेऊन या. एक दिवसाचा प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी किती वर्षांनी माझ्यात बाळ आले! बुद्धभूषणने आधी कुरकुर केली, मग मूठ तोंडात घालून तो झोपी गेला. त्याच्या वजनाने माझ्या साखळ्या ताणल्या गेल्या आणि मला वाटले, आपण पुन्हा जिवंत झालो.

पाहुण्यांत एक खासदारबाई होत्या. त्या चपला बाहेर काढून आत आल्या, स्वतःच्या हाताने त्यांनी मला दोन झोके दिले. मग संघप्रियाला प्रेमाने विचारले, "बाळ रोज इथंच असतं ना?"

विश्वजित साहेब दारात उभे होते. संघप्रियाने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा आपल्या मशीनकडे.

"व्हय," ती म्हणाली. "रोज."

शालूबाईंनी मान खाली घातली. मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. मी नुसता हलत राहिलो, आणि माझे हलणे हाच त्या खोट्याचा पुरावा झाला. संध्याकाळी गठ्ठे परत आले. कुलूप लागले.

तीन आठवड्यांनी लोकसभेत चर्चा झाली. लहान कारखान्यांतल्या पाळणाघरांसाठी सांभाळणाऱ्या बाईचा पगार सरकारने द्यावा आणि न सांगता तपासणी व्हावी, अशी मागणी होती. त्या चर्चेचा तुकडा साहेबांनीच मोठ्या आनंदाने कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. जेवणाच्या सुट्टीत अंजनाने फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि दाराआडून मीही ऐकले.

एक सभासद म्हणाले, बाळंतपणाची रजाच वाढवा. दुसरे म्हणाले, आयांच्या खात्यात थेट पैसे द्या, बाकी त्या बघतील. तिसऱ्यांनी सांगितले, आपल्याकडे घरोघरी आज्या आहेत, सरकारने यात पडूच नये. मग त्या खासदारबाई उठल्या. "मी स्वतः कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात गेले. तिथला पाळणा मी माझ्या हाताने हलवला. आईशी बोलले. कायदा नीट पाळला जातो आहे, पाळणाघर चालू आहे. नव्या तरतुदीची घाई नको." बाके वाजली. मागणी मागे पडली.

अंजनाने फोन बंद केला.

"माझ्या तोंडचं हाय ते," संघप्रिया म्हणाली. "माझ्या एका शब्दानं किती पोरं कोंडली गेली असतील गं?" तिने डबा तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुद्धभूषणला कडेवर आणि दीप्तीला हाताशी घेऊन आली, आणि मशीनवर न जाता माझ्या दारासमोर बसली. साहेब आले.

"हे काय? मशीनवर जा."

"जाते की. पोराला पाळण्यात ठेवते आणि जाते. कुलूप काढा."

"खोली भरलेली आहे, दिसत नाही का?"

"लोकसभेत तर रिकामी दिसली." तिने फोन सुरू केला. खासदारबाईंचा आवाज व्हरांड्यात घुमला. "पाळणाघर चालू हाय म्हणत्यात त्या. तुम्हीच तर धाडलंय हे सगळ्यांस्नी. खोटं असंल तर तिकडं कळवा. न्हायतर मी कळवते. माझं खोटं सांगते, तुमचं पण सांगते."

"कामावरून काढीन."

"काढा." तिने बाळाला मांडीवर घेतले. "पण मग त्या बाई परत आल्यावर पाळण्यात कुणाचं पोर ठेवणार?"

आत एक मशीन थांबले. अंजना बाहेर येऊन तिच्या शेजारी बसली. मग दुसरी आली, तिसरी आली. कॉलर नाहीत म्हणून पुढचे शिवण अडले. साहेब दोनदा ऑफिसात जाऊन आले. अकराच्या सुमारास त्यांनी किल्ली आणली आणि कुणाकडे न बघता दार उघडले. बायकांनीच गठ्ठे बाजूला लोटले, बटणांच्या पिशव्या काढल्या. दुपारी बुद्धभूषण माझ्यात झोपला असताना संघप्रियाने माझ्याजवळ बसून खासदारबाईंना पत्र लिहिले. पहिली ओळ तिने मोठ्याने वाचली म्हणून मला माहीत आहे : "मी तुमच्याशी खोटं बोलले."

मित्रांनो, सगळे चांगले झाले, असे मला सांगता आले असते तर बरे वाटले असते. त्या पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. अर्धी खोली अजूनही गठ्ठ्यांचीच आहे. शालूबाई येतात, पण दोन वाजेपर्यंतच. नंतर आया आळीपाळीने उठून बघतात. साहेब अधूनमधून म्हणतात, "नव्या ऑर्डरपर्यंत चालू दे." ती ऑर्डर कधी येईल कोण जाणे. दीप्ती मात्र शाळेत जाते. मधल्या महिन्यांत मागे पडलेले वाचन तिला अजून जड जाते. संध्याकाळी ती आईची वाट बघत माझ्या शेजारी पुस्तक उघडून बसते आणि एकेका अक्षरावर बोट ठेवते.

तुम्ही मोठे व्हाल, कुणी अधिकारी व्हाल, कुणी लोकसभेत बसाल. तेव्हा कुणी तुम्हाला नटवलेला पाळणा दाखवला, तर त्याला झोका देऊन परतू नका. वाकून आत हात घाला. दुपटे ओलसर लागले, दुधाचा आंबूस वास आला, तरच तिथे बाळ असते असे समजा. आणि दुपटे कोरडे, घडीचे असेल, तर ते बाळ या वेळी कुठे आहे, हे विचारल्याशिवाय तिथून हलू नका.