उम्म कुशलची कात्री

मी एक जुनी, काळ्या मुठीची, वीतभर पात्यांची शिंपीकामाची कात्री आहे. मित्रांनो, माझी पाती बघून दचकू नका. सगळ्यांच्या वाटचं भिण्याचं काम मी एकटीच करत आले आहे. पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानात टांगलेली होते, तेव्हा गंजाची भीती वाटे. वैजयंतीबाईंनी विकत घेऊन मला विलायतेला आणलं, तेव्हा विमानात बॅगेच्या तळाशी मी थरथरत होते.

बाईंचे यजमान जयंतराव साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. जवळच्याच एका छोट्या गावात त्यांनी घर केलं. मी त्या घराचे पडदे कापले, त्यांच्या मुलाच्या, कुशलच्या, शाळेच्या पँटी आखूड केल्या, ओळखीपाळखीच्या मराठी बायकांचे ब्लाउज बेतले. जी ती म्हणे, "काय धार आहे हो!" ते ऐकून मी फुलून जायचे. घरात एकच सक्त नियम होता: रिकामी कात्री वाजवायची नाही, भांडण होतं. कुशलनं एकदा वाजवली, तर पाठीत धपाटा खाल्ला.

मग तयार कपड्यांचे दिवस आले आणि मी ड्रॉवरमध्ये गेले. संपलेल्या बॅटऱ्या, सुतळीचे तुकडे आणि मी. अंधारात गंज हळूहळू चढतो, मित्रांनो, आणि आपल्याला तो थांबवता येत नाही. आता आपण संपलो, असं मला रोज वाटायचं.

२००३ साली ड्रॉवर उघडला. गावच्या कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी पॅलेस्टिनी बायकांचा एक गट जमू लागला होता. त्या कापडावर फुल्याफुल्यांचं सुरेख भरतकाम करत, पण त्याच्या पर्स आणि उशीचे अभ्रे शिवायला त्यांना कुणीतरी शिकवणारं हवं होतं. बाई मला घेऊन निघाल्या. तिथं शिवणासोबत फॉर्म भरणं, कौन्सिलला पत्र लिहिणं, शाळेत जाऊन मुलांबद्दल विचारणं, हेही बायका एकमेकींना शिकवत.

त्यांच्यात इब्तिसाम होती. नवरा वारलेला, दोन मुली, पहाटे ऑफिसांची साफसफाई. ती बाईंना 'उम्म कुशल' म्हणे, म्हणजे कुशलची आई. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत. मी आपलं मराठीत सांगते. तिची पहिली पर्स शनिवारच्या बाजारात विकली गेली, तेव्हा तिनं स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडलं. दोन दिवस ती ते पासबुक सगळ्यांना दाखवत होती.

पण युनिफॉर्म दिसला की ती घाबरून जाई. तिकडे पॅलेस्टाइनमध्ये, नाब्लुस शहराजवळच्या तिच्या गावात बाजाराला जायचं तरी सैनिकांचा नाका ओलांडावा लागे. इथं पोस्टमन दाराशी आला तरी ती भिंतीला चिकटायची. मला ती माझी सख्खी बहीणच वाटे.

२००५च्या शरदात कौन्सिलचं पत्र आलं. खोली नव्या वर्षापासून सामान ठेवायला घेणार. हरकत असेल त्यांनी सभेत येऊन तीन मिनिटं बोलावं. खोली गेली की शिवण गेलं, बाजार गेला, सगळंच गेलं. मला तर तो ड्रॉवर समोर दिसू लागला. बाईंनी बोलायचं ठरलं. त्यांनी भाषण कागदावर लिहिलं.

"तू शेजारी बस," त्या इब्तिसामला म्हणाल्या.

"बसेन. बोलणार नाही."

सेंटरच्या कपाटाला कुलूप नव्हतं, म्हणून इब्तिसाम मला दर गुरुवारी टॉवेलात गुंडाळून घरी नेई. सभाही गुरुवारीच होती. मी सवयीनं तिच्या पिशवीत गेले आणि पिशवी थेट कौन्सिलच्या दारात. त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये बॉम्ब फुटले होते, त्यामुळे प्रत्येक सरकारी कचेरीच्या दारात झडती चालू होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो आमच्या दोघींच्या मागे एकदमच लागला.

गार्डनं टॉवेल उलगडला. "हे काय आहे?"

इब्तिसामनं दोन्ही हात वर केले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी केले. पिशवी खाली पडली, रंगीत दोरे जमिनीवर पसरले. लोक बघू लागले. आता हिला पकडतील, आणि माझ्यामुळे पकडतील, या विचारानं माझ्या पात्यांचं पाणी पाणी झालं.

"अहो, ती कात्री माझी आहे!" वैजयंतीबाई पुढे झाल्या. "शिवणाच्या क्लासची आहे."

"मॅडम, कुणाचीही असो. ही आत जाणार नाही." गार्डनं मला उचललं आणि धार बघायला हवेतच वाजवलं. खच्, खच्!

"नको!"

दोघी एकदम ओरडल्या. बाई ओरडल्या हे ठीक, पण इब्तिसाम? तिचे हात खाली आले होते आणि बोट गार्डकडे रोखलेलं होतं. "रिकामी वाजवू नका! भांडण होतं!"

"आमच्यातही तसंच म्हणतात गं!" बाई थक्क होऊन म्हणाल्या.

गार्ड बिचारा गोंधळला. मला अलगद टेबलावर ठेवून म्हणाला, "सॉरी. पण या कात्रीपाशी कुणीतरी थांबा. नाहीतर मला पोलिसांना फोन करावा लागेल."

बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या आणि कागद इब्तिसामच्या हातात दिला. "मी थांबते. तू जा."

"उम्म कुशल, मला नाही जमणार."

"आत्ता युनिफॉर्मवाल्यावर ओरडलीस ना? मग! जा, सभा सुरू झाली."

ती गेली. दार बंद झालं. मी ऐकायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण जाड दारातून काही येईना. बाई माझ्या मुठीवरून अंगठा फिरवत होत्या. तो अंगठा गार पडला होता. गार्डनं दोरे गोळा करून दिले. त्याच्याकडे बाईंनी पाहिलंही नाही. तीन मिनिटं झाली, वीस झाली.

शेवटी ती बाहेर आली. कागदाची घडी तशीच, न उलगडलेली.

"काय गं? काय झालं?"

"त्यांनी नाव विचारलं," इब्तिसाम म्हणाली. "मला वाटलं, आता अडवणार. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, बोला."

आणि ती बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

खोली एका वर्षापुरती राहिली. त्यानंतर दर शरदात तसंच पत्र येतं आणि दर वर्षी माझी पाचावर धारण बसते. धीट झाले असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. आता माझा खिळा सैल झाला आहे, आणि जाड कापड मला कापवत नाही.

तेव्हा मित्रांनो, आम्हा जुन्या कात्र्यांना तेल द्या, धार लावा, हे तर सांगतेच. पण तुमच्या गावात कुणी बाई पहिल्यांदा बोलायला निघाली, तर तिच्यासाठी भाषण लिहून देऊ नका. दाराबाहेर बसा, आणि ती येईपर्यंत उठू नका.